तीन विरुद्ध एक

चाकणच्या एका कारखान्यासाठी मी स्पॅनिश यंत्रांची मॅन्युअल्स मराठीत आणते. वाक्यांचं फारसं काही नसतं, डोकं खातात ती कोष्टकं. तिथे शब्द एकटाच उभा असतो.

परवाच्या कन्व्हेयरच्या एका पानावर तीनच शब्द होते: लार्गो, फोंदो, आल्तो. समोर १२००, ८००, १४४ मिलिमीटर. म्हणजे युरो पॅलेट, माल रचायचा ठरावीक मापाचा लाकडी पाट. मी लांबी, रुंदी, उंची लिहून मोकळी झाले. तपासनिसाने पहिल्या दोहोंचं 'रुंदी, खोली' करून परत पाठवलं. तो इटालियन शिकलेला. हे तिन्ही शब्द इटालियनमध्येही आहेत आणि तिथे लार्गो म्हणजे रुंद. फोनवर त्याने पोर्तुगीज आणि फ्रेंचलाही साक्षीला उभं केलं.

"तीन विरुद्ध एक आहे, मॅडम."

साक्षी खऱ्या होत्या. रुमानियनही त्याच्याच बाजूने बोलली असती, ते मी सांगितलं नाही. लॅटिन लार्गुस म्हणजे सढळ, भरपूर. बाकीच्यांनी तो सढळपणा आडवा पसरला. स्पॅनिश आणि कॅटलानने तो लांबवला. लांबसाठी स्पॅनिशात 'लुएंगो' होता, तो आता जुन्या धाटणीच्या लिखाणापुरता उरला. पण इटालियन येणाऱ्यांना स्पॅनिश फुकटात आल्यासारखी वाटते, त्यांना हे कोण सांगणार?

वाद फोरमननी मिटवला. त्यांनी पॅलेट उलटी केली. खालच्या तीन फळ्या १२००च्या बाजूने धावतात. चालताना त्या रोलरांना काटकोनात हव्यात. पॅलेट आडवी घातली तर फळ्या रोलरांना समांतर येऊन फटीत रुततात, मग साखळीचा कन्व्हेयर लागतो. "इथे तर रोलर आहेत. पॅलेट उभीच जाणार. रुंदी १२०० कशी होईल?" ड्रॉइंगवर दोन बाजूंच्या पट्ट्यांतलं अंतरही ८००हून जरासंच जास्त होतं. ते आम्हा दोघांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

बदल मागे घेतला गेला, पण फाईलवर शेरा राहिला: 'मूळ मजकूर संदिग्ध'. तो मला अजून टोचतो. मूळ मजकूर स्पॅनिश माणसाला अजिबात संदिग्ध नाही.

तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या पानावर पॅलेटऐवजी कपाट असतं, तर मराठीत मीही १२००ला रुंदीच म्हटलं असतं. तपासनीस बरोबर ठरला असता, तेही इटालियनच्या भरवशावर, आणि मी त्याला काय म्हणून अडवलं असतं?