इथं टक्के नाही, गुण

राळेगावहून भावाचा फोन आला की प्रश्न ठरलेला, "भाऊजीले किती टक्के भेटले?"

त्याचंही बरोबर आहे. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयातलं बोर्ड अपंगत्वाचे टक्के ठरवतं. 40 भरले तरच एसटीच्या सवलतीचं पुढे काही हलतं. इंग्लंडमध्ये अपंगांच्या मुख्य भत्त्याला टक्के हा प्रकारच नाही. 2013 पासून नोकरीच्या वयातल्या लोकांसाठी 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' हा सरकारी भत्ता आहे, सगळे 'पिप' म्हणतात. रोजच्या जगण्याची 10 कामं, फिरण्याची 2, आणि प्रत्येक काम किती जड जातं त्यावर गुण. दोन्ही भागांचा हिशेब वेगळा: 8 गुणांना साधा दर, 12 ला वाढीव. उत्पन्नाचा दाखला मागतच नाहीत! तहसीलच्या चकरा मारलेल्या माणसाला हे खरं वाटायचं नाही. (व्हिसावर आलेल्यांना मात्र सहसा यातलं काही मिळत नाही, भाच्याला सांगून ठेवा.)

ह्यांना संधिवात आहे. मनगटं आणि गुडघे धरलेले. तपासणी फोनवर झाली, पलीकडे एक नर्सबाई. "स्वयंपाक करता येतो?" हे ऐटीत म्हणाले, "बायको करते." आता आमच्याकडच्या पुरुषानं जन्मात गॅस पेटवला नाही, ते काय अपंगत्व झालं? मी मधेच बोलले, वांगं चिरताना हातातून सुरी सुटते, गॅसवरून भरला गंज उतरवता येत नाही. बाईंनी समजावलं: करता का हे नाही विचारत, एकट्यापुरतं साधं जेवण करू शकाल का ते सांगा.

चालण्याचंही तसंच. "येते न, का नाही?" हा आपला स्वभाव. इथं एकदा कसंबसं जमलं म्हणजे जमलं असं धरत नाहीत. सुरक्षितपणे, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात जमायला हवं. निम्म्याहून जास्त दिवस तसं जमत नसेल तर गुण. हे पन्नास मीटरच्या आतच बसकण मारतात. फॉर्मवर मी ते आधीच लिहिलं होतं, म्हणून बरं.

निकालाचं पत्र आलं. चालण्याचे 10, त्यावर गाडीसाठी 'ब्लू बॅज', म्हणजे अपंगांचा पार्किंगचा परवानाही मिळतो. रोजच्या कामांत मात्र स्वयंपाकाचे 4, कपड्यांचे 2, औषधांचा 1. सात! एका गुणानं गेलं. आंघोळीला शून्य दिलाय, कारण टबाजवळची दांडी धरल्याशिवाय आपण आत उतरत नाही हे ह्यांनी सांगितलंच नाही. फेरविचाराला पत्राच्या तारखेपासून महिन्याची मुदत असते. दांडीचा फोटो जोडून कागद कालच धाडले.