तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्याच्या हेलाचा आवाज कशाला?

"शुद्ध मराठी वाचणारे आवाज फोनमध्ये आहेतच की. मग गोव्याच्या हेलाचा वेगळा आवाज कशाला बनवतेस?" लग्नाच्या पंगतीत, वाचनालयात, बसस्टॉपवर हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता एकदाच लिहून टाकते. गोव्यात कोंकणीला राजभाषा ठरवणाऱ्या 1987च्या कायद्याचा वाद इथे नको. आमच्या घरात कोंकणी आणि मराठी दोन्ही आहेत, तुमच्याही आहेत.

आमचं भजन, कीर्तन, नाटक, सकाळचा पेपर मराठीतून चालतो आणि ते मराठी आमच्याच तोंडून येतं. त्यात नाकातले स्वर आहेत, शेवटचं अक्षर जरा रेंगाळतं. याला अशुद्ध म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च वेगळा असला तरी देवनागरीत तो एकच लिहितात. मशीनला हा फरकसुद्धा माणसांच्या बोलण्यातूनच कळतो. मग त्यानं ऐकायची माणसं फक्त पुण्याचीच का?

एवढं ठासून सांगते खरी, पण हेल म्हणजे वरून घालायचा मसाला, असंच मीही तीन वर्षांपूर्वी धरून चालले होते. कोण बोलतंय, कुठल्या हेलात आणि कुठल्या भावानं, हे म्हणजे मशीनमधले आकड्यांचे तीन वेगवेगळे संच. ते हवे तसे जुळवले की झालं.

आवाज डिचोलीच्या एका मावशीचा घेतला. मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेली. स्वयंपाकघरात माइक ठेवला आणि म्हटलं, बोल. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, गडबड, सोलां (आमसुलं) कशी वाळवायची, शेजारणीची कोंबडी. हसत, थांबत, टाळी देत ती साडेपाच तास बोलली. बातम्या आणि सूचना वाचायचा ढंग हवा होता, तो एका पगारी निवेदिकेकडून घेतला. तिचं मराठी अगदी पुस्तकी.

पहिल्यांदा ऐकवायचं म्हणून गावच्या वाचनालयात पंधरा-वीस जण जमवले. मावशी पुढच्या खुर्चीवर, नवी साडी नेसून. मी वाक्य निवडलं होतं: "अंजुणे धरणाचे दरवाजे उघडण्यात येत आहेत. वाळवंटी नदीकाठच्या लोकांनी ताबडतोब सुरक्षित जागी जावं." आवाज मावशीचा, हेल गोव्याचा, भाव गंभीर, असं लावून बटण दाबलं.

आवाज हुबेहूब तिचा आला. पण ‘ताबडतोब’वर तो खुदकन उचलला गेला, ‘जावं’ लाडात लांबलं. कोंबडीची गोष्ट सांगावी तशी पुराची सूचना. सगळी खोली हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "नाटकातली मोलकरीण!" मी घाईनं दुसरं वाक्य लावलं, एका मृत्यूची बातमी. ते आणखी वाईट निघालं. मावशी हसत नव्हती. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाय, हांव अशें उलयतां व्हय गो?" मी अशी बोलते का गं?

मी म्हटलं, नाही मावशी, मशीन चुकलं. ते खोटं होतं. चूक माझी होती.

2018मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘स्टाइल टोकन’ची पद्धत मांडली. हे हसरं, ते गंभीर असं लेबल कुणी न लावता मॉडेल, म्हणजे आवाज ऐकून बोलायला शिकणारा प्रोग्राम, बोलण्याचे ढंग आपले आपण वेगळे काढतं. माझं मॉडेल त्याच धर्तीचं होतं. पण जे कायम जोडीनं येतं ते त्यानं वेगळं कसं काढावं? माझ्याकडे गोव्याचा हेल होता तिथे हसू होतं आणि गांभीर्य होतं तिथे पुण्याचा उच्चार. मॉडेल हेल आणि भाव एकच समजलं. आमचा हेल थट्टेपुरता असतो, हे त्याला शिकवणारी मीच.

उपाय सोपा वाटला: मावशीकडूनच गंभीर मजकूर वाचून घ्यायचा. ती बसली, चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि हेल गेला! एकही स्वर नाकात नाही. शिक्षिकेच्या ट्रेनिंगला असताना तिथल्या बाईंनी तिचे उच्चार घासूनपुसून घेतले होते म्हणे. वर्गात ती अशीच वाचायची. मग तिचा खरा आवाज कुठला? कागद हातात आला की हेल सोडायचा, हे तिनं स्वतःच ठरवलं असेल, तर तो तिच्या तोंडी परत घालणारी मी कोण? तुमच्या प्रश्नात तथ्य आहे असं मला वाटलं ते त्या दिवशी. अजूनही कधीकधी वाटतं.

गेल्या महिन्यात तिनं कागद बाजूला सारला आणि घरात पाणी शिरलं त्या रात्रीचं आपणहून सांगितलं. अकरा मिनिटं. सगळा हेल होता आणि हसू कुठेच नव्हतं. मला हवं होतं नेमकं तेच. संपल्यावर तिनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "हें पुसून उडय."

एक प्रत बाजूला ठेवायचा मोह झाला, हे कबूल करते. तिच्यासमोरच फाइल पुसली.