दुपारी दादरच्या मंडईत

एक मावशी मेथीवर ओलं गोणपाट टाकत होत्या. कपाळावरचा घाम पुसून पुसून पदर चिंब, पण वाळत काहीच नव्हतं. हवेत आधीच इतकं बाष्प असलं की घाम उडत नाही आणि अंगही निवत नाही. मुंबईला उकाडा नवा नाही, हे मान्य. पण हवा १ अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि बाष्प हा स्वतःच हरितगृह वायू, म्हणजे उष्णता अडवून धरणारा! असाच दुसरा वायू कार्बन डायऑक्साइड. तो औद्योगिक क्रांतीआधी २८० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग) होता, आता ४२० च्या वर गेलाय. त्याने सुरू केलेली तापवणूक हे बाष्प आणखी वाढवतं. रात्रीही उष्णता धड वर जाऊ देत नाही. पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्यांनी काय करायचं? उष्णतेपासून बचावाचे आराखडे दुपारपुरते आखू नका, रात्रीचाही विचार करा, एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं.