खाच, भोक आणि एल्कचे दात

माळा ओवायचं, गाठवायचं काम मी गेली अठरा वर्षं करते. त्यामुळे जुना दागिना दिसला की माझी नजर आधी भोकावर जाते. दोरा जिथे घासतो तिथली कड गुळगुळीत होते, एका अंगाने झिजते. तेवढं दिसलं की ओळखायचं, हा कुणीतरी रोज अंगावर वागवला आहे.

रशियात ओनेगा सरोवरातल्या युझ्नी ओलेनी ओस्त्रोव या बेटावर सुमारे ८,२०० वर्षांपूर्वीच्या कबरी आहेत. त्यांत जनावरांच्या दातांचे ४,०००हून जास्त दागिने निघाले. बहुतेक दात एल्क या थोराड हरणाचे, जबड्यातले पुढचे. पण भोकं जवळजवळ नाहीतच! मुळाच्या टोकाशी बारीक खाच पाडायची आणि तिच्यात दोरा आवळून बांधायचा. भोकवाले दात फक्त दोन बायकांच्या कबरींत सापडले.

हे वाचलं आणि मला राहवेना. हाडाचा तुकडा आणि गारगोटीची कपची घेऊन बसले. खाच काही मिनिटांत पडली. भोक पाडायला घेतलं तर कपचीचं टोक तीनदा मोडलं. हजारोंनी दात बांधायचे असतील तर खाचच बरी, हे माझ्या बोटांना पटलं.

एका एल्कला असे दात आठच. म्हणजे ऐंशी दातांच्या झालरीला दहा जनावरं हवीत. एवढी शिकार, एवढी साठवण कशापायी? आवाजापायीही असेल. एका संशोधक बाईंनी तसे दात अंगावर बांधून सहा तास नाच केला. एकमेकांवर आपटून त्या दातांवर जे टवके उडाले, ते कबरीतल्या दातांवरच्या खुणांशी जुळले. चाळ बांधून नाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेतला वापिटी हरणाचा दात मात्र भोक पाडलेला. तो १९,००० ते २५,००० वर्षांपूर्वीचा. हाडा-दातांना सूक्ष्म छिद्रं असतात, घाम त्यांत मुरतो. तो दात न फोडता, द्रावणात ठेवून हळूहळू ९० अंशांपर्यंत तापवला, तर त्यातून हरणाचा डीएनए निघालाच, शिवाय एका बाईचाही निघाला. २०२३मध्ये हे प्रसिद्ध झालं. उत्खनन करणाऱ्यांनी तो हातमोजे आणि मास्क घालून उचलला होता, म्हणून त्यांचा स्वतःचा माग त्यात मिसळला नाही.

तेव्हापासून जुनी माळ ओवायला आली की साबणाच्या पाण्यात टाकायच्या आधी मी विचारून घेते.