रात्री कढत, सकाळी कोमट

आमच्या घरात बॉयलर एकच आहे. तोच खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटर तापवतो आणि तोच कपाटातल्या तांब्याच्या सिलिंडरमधलं पाणीही. बॉयलरमधलं पाणी स्वतः नळाला येत नाही. ते सिलिंडरच्या पोटातल्या कॉइलमधून, म्हणजे वेटोळ्या नळीतून, फिरून परत जातं, आणि अंघोळीचं पाणी त्या कॉइलच्या बाहेरून तापतं. माळ्यावरच्या टाकीतून थंड पाणी सिलिंडरच्या तळाशी उतरतं, तापलेलं वरच्या तोंडातून नळांकडे जातं. एवढी रचना डोक्यात पक्की असेल तर पुढचं सगळं समजतं.

आमची तक्रार विचित्र होती. रात्री झोपताना पाणी कढत असायचं आणि सकाळी पहिल्याच अंघोळीला कोमट. मधल्या वेळात कोणी नळ उघडलेला नसायचा. तपासायला आलेल्या प्लंबरने सिलिंडरवर हात फिरवला आणि म्हणाला, ‘‘अहो, कॉइलवर क्षार धरलेत. सिलिंडरच बदलून टाका.’’ क्षारांचा त्रास खरा असतो, पण एवढा खर्च नुसत्या अंदाजावर करायला मी तयार नव्हतो. पाइपला टेकवून तापमान दाखवणारा एक साधा थर्मामीटर आणला आणि एकेक गोष्ट मोजायला घेतली.

सुरुवात कॉइलपासून. कॉइलला जाणारा एक पाइप असतो आणि परत येणारा एक. बॉयलर चालू असताना जाणारा पाइप गरम आणि परतीचा थंड लागला, तर पाणी फिरतच नाहीये असं समजायचं: कॉइलमध्ये हवा अडकलेली असते, गाळ साचलेला असतो किंवा परतीच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद असतो. दोन्ही पाइप जवळपास सारखेच गरम असूनही सिलिंडर तापत नसेल, तर उष्णता कॉइलच्या भिंतीतून बाहेर पडत नाहीये. क्षारांवर संशय घ्यायचा तो तेव्हा. आणि दोन्ही थंडच असतील तर कॉइलकडे पाणी सोडणारा मोटरवाला व्हॉल्व्ह उघडत नसेल किंवा सिलिंडरचं तापमान पाहणारा थर्मोस्टॅट बॉयलरला हाक देत नसेल. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. जाणाऱ्या आणि परतीच्या पाइपमध्ये चांगला फरक होता आणि सिलिंडर भराभर ६० अंशांपर्यंत चढत होता. बॉयलरचं तापमानही पाहून घेतलं. गॅस वाचवायला अनेकजण ते ५०-५५ वर ठेवतात आणि सिलिंडरचा थर्मोस्टॅट मात्र ६० वर. मग पाणी तिथवर कधी पोचतच नाही. आमचं ७० वर होतं.

म्हणजे पाणी नीट तापत होतं, पण सकाळपर्यंत टिकत नव्हतं. तक्रारीचा हा दुसरा अर्धा भाग आतापर्यंत कोणी विचारातच घेतला नव्हता. १५० लिटर पाणी १० अंशांवरून ६० वर न्यायला जवळपास ९ युनिट ऊर्जा लागते. जाड फोमचं आवरण असलेल्या सिलिंडरमधून एका रात्रीत एवढी उष्णता नुसती झिरपून जाणं शक्यच नाही. फार तर काही अंश उतरतील. उष्णतेला बाहेर पडायला कुठेतरी वाट होती.

पहिला संशय उलट्या अभिसरणावर गेला. बॉयलर बंद झाल्यावर मोटरवाला व्हॉल्व्ह पूर्ण मिटला नाही, तर गरम सिलिंडर कॉइलमधल्या पाण्याला तापवतो, ते हलकं होऊन आपोआप वर चढतं आणि वरच्या मजल्यावरचे रेडिएटर रात्रभर मंद ऊब देत राहतात. हे तपासायला कॉइलचे दोन्ही व्हॉल्व्ह हाताने बंद केले (त्याआधी बॉयलर बंद केला) आणि सिलिंडर विजेच्या हीटरने तापवला. सकाळी पुन्हा कोमट. कॉइल आणि बॉयलर दोन्ही निर्दोष ठरले.

खरा धागा आईच्या हाती लागला. ‘‘अरे, बेसिनच्या थंड नळालाही सुरुवातीला ऊन पाणी येतंय, बघ बरं.’’ त्या नळाला पाणी माळ्यावरच्या टाकीतून येतं. मी वर जाऊन टाकीचं झाकण उचललं. आतून दमट वाफारा तोंडावर आला. पाणी कोमट होतं, झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब धरले होते, टाकी भरली की पाणी बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह वर उचललेला आणि पूर्ण मिटलेला, तरी पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाशी टेकलेलं. टाकी फ्लोटमधून भरत नव्हती. ती खालून, सिलिंडरकडून भरत होती.

अशा वेळी सिलिंडरमधून टाकीवर वळवलेला मोकळा पाइप लगेच पाहावा. त्यातून गरम पाणी पडत असेल तर थर्मोस्टॅट अडकून पाणी उकळतंय असा अर्थ होतो, आणि ते धोक्याचं आहे: बॉयलर आणि हीटर तिथल्या तिथे बंद करायचे. आमचा तो पाइप कोरडा होता.

आता प्रश्न एवढाच उरला की टाकीपेक्षा जास्त दाबाचं पाणी गरम पाण्याच्या पाइपात शिरतं कुठून. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार दाब. आमची टाकी शॉवरच्या वर जेमतेम ३ मीटर, म्हणजे ०.३ बार. मुख्य लाइनचा दाब याच्या कितीतरी पट. आणि नव्याने बसवलेल्या शॉवरच्या मिक्सरला, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाला, थंड पाणी थेट मुख्य लाइनवरून जोडलेलं होतं!

खात्री करायची पद्धत फार सोपी आहे आणि ती प्रत्येकाला माहीत असावी. टाकीतून सिलिंडरला येणाऱ्या थंड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि गरम पाण्याचा नळ उघडायचा. धार थोड्या वेळात थांबायला हवी, कारण सिलिंडरला मागून पाणीच मिळत नाही. आमची धार थांबली नाही. ती थंड होत गेली आणि वाहतच राहिली. मग मिक्सरच्या मागचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, तेव्हा धार बारीक होऊन बंद पडली.

मिक्सर उघडल्यावर कारण हातात आलं. अशा मिक्सरमध्ये गरम आणि थंड पाणी बंद-चालूच्या मुठीच्या आधीच एकत्र येतं, त्यामुळे शॉवर बंद असला तरी आतला मार्ग खुलाच असतो. त्याला अडवतात ते पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे दोन छोटे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. गरम बाजूच्या व्हॉल्व्हमध्ये तांब्याचा बारीक कीस आणि वाळू अडकून तो अर्धवट उघडा राहिला होता. रात्रभर थंड पाणी तिथून गरम पाइपात, तिथून सिलिंडरच्या डोक्यात शिरायचं आणि तापलेलं पाणी तळातून वर टाकीत ढकललं जायचं.

दोन्ही नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बदलले. पण मूळ दोष दाबातल्या फरकाचा आहे, म्हणून मिक्सरचं थंड पाणीही टाकीवरून घ्यायला लावलं. दोन्ही बाजूंना सारखा दाब हवा, यावर तडजोड करू नये. टाकी रिकामी करून घासून घेतली, कारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात फुप्फुसाचा आजार देणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात आणि आमची टाकी नेमकी त्याच तापमानात होती. त्याच कारणासाठी सिलिंडर ६० वरच ठेवला आहे. शॉवरची धार पहिल्यापेक्षा मंद झाली आहे. तिच्यासाठी गरम-थंड दोन्ही बाजू एकदम उचलणारा पंप बसवायचा विचार चालू आहे.