वहीतल्या खर्चावर अर्धा तास

बुधवार, रात्री

गावाचा सहभाग म्हटलं की आमच्याकडे अजून श्रमदानच डोळ्यांपुढे येतं. उपकेंद्राचं आवार झाडायचं, पोलिओच्या दिवशी पोरं गोळा करायची, साहेब येणार असले की रांगोळी काढायची. हे सगळं आम्ही मनापासून करतो. पण आज समितीत खर्चाच्या वहीवर अर्धा तास बोलणं झालं, आणि माझ्या मते सहभाग आज झाला.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, एवढं लांब नाव. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ती आली. वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी ठरला, म्हणजे गावाने आपली नड बघून खर्चायचा. कितीतरी ठिकाणी सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नसतं, सह्या घरी येऊन घेतल्या जातात. आज वरच्या पाड्याच्या आजींनी विचारलं, "धूरफवारणीचे पैसे मांडलेत, आमच्याकडे मशीन कधी आलं?" पानं चाळली गेली. मशीन डांबरी रस्ता संपतो तिथूनच परत फिरलं होतं. या खेपेला सुरुवात वरच्या पाड्यापासून करायची, असं ठरलं.

आजींना हे विचारायचं बळ एका दिवसात आलेलं नाही. लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा कशी मिळते ते गावानेच तपासायचं, ही २००७ मध्ये ठाणे, पुणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत सुरू झाली. आमचा तालुका तेव्हा ठाण्यात होता, आता पालघरात. गावात बसून बायाबापड्यांना विचारायचं: सिस्टर पाड्यावर येतात का, औषधं केंद्रातच मिळतात की बाहेरची चिठ्ठी देतात, बाळंतपणाला कुणी पैसे मागितले का. चांगलं असेल तर हिरवा रंग, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही तो तक्ता वाचता यायचा, आणि म्हणूनच ती जनसुनवाईत, म्हणजे अधिकाऱ्यांसमोरच्या जाहीर सभेत, उभी राहून बोलायची. औषधांचा साठा दर्शनी भिंतीवर लिहायला लागल्यावर बाहेरच्या चिठ्ठ्या कमी झालेल्या मी पाहिल्या आहेत.

जनसुनवाई म्हणजे डॉक्टरला धारेवर धरणं, असं समजणाऱ्यांशी माझं जमत नाही. आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. प्रत्यक्षात लोकसंख्या त्याच्या पुढे जाते आणि पदं रिकामी राहतात. ओपीडी, बाळंतपणं, लसीकरण आणि वर रोजचे अहवाल, हे सगळं एक तरुण डॉक्टर ओढत असतो. लॅब टेक्निशियन द्या, हे त्याने वर कितीदा कळवायचं? तेच गावाने जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांसमोर मांडलं की कागदावर येतं, उत्तर द्यावं लागतं. चांगल्या डॉक्टरला गावाचं पाठबळ असं मिळतं, आणि कामचुकाराला याचीच भीती वाटते.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, पुष्कळशा शाळा न पाहिलेल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गावाला आपलं आरोग्य कळतं, एवढा विश्वास त्यांनी ठेवला. आमच्या बैठकांत मला नेमका तोच कमी दिसतो. "त्यांना काय समजतंय" हे वाक्य आजही कानावर आलं. मी तिथेच म्हटलं, फवारणी कुठे थांबली ते फक्त त्यांनाच समजलं होतं.

आरोग्य केंद्राचा कारभार बघणाऱ्या रुग्ण कल्याण समितीपुढे न्यायचे प्रश्न आम्ही काढून ठेवलेत. रात्री बाळंतपणाला केंद्रात कोण असतं? सर्पदंशावरचं इंजेक्शन पावसाआधी येऊन पडेल ना? बाळंतिणीला घरी सोडायला १०२ ची गाडी नाही म्हणते, ते का? घरापर्यंत फुकट गाडी हा २०११ पासून तिचा हक्क आहे. लॅब टेक्निशियनच्या रिकाम्या पदाबद्दल मात्र नुसता प्रश्न पुरणार नाही, ग्रामसभेचा ठराव जोडून पत्र जायला हवं. मसुदा उद्या शाळा सुटल्यावर लिहायला घेते. डॉक्टरांना आधी दाखवायचाय.