भाऊ, कुठी हाये?

शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते ज्येष्ठात. पाय नागझरी-पारसच्या रस्त्याला लागतात आणि जीव अडकलेला असतो बियाण्याच्या पिशवीत. मृग तोंडावर, नाहीतर नुकता लागलेला. पंढरपूर सातशे किलोमीटरच्या वर, महिनाभराची चाल. अशा वेळी 'आजच्या पावलात राहा' हे कीर्तनात ऐकायला गोड वाटतं. चालताना ते जमवावं लागतं.

सुरुवात घरूनच करावी लागते. बियाणं-खत आणून ठेवायचं, पेरणी कोण करणार ते पक्कं करायचं आणि भिंतीवर ठळक लिहून ठेवायचं : ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही. दुबार पेरणीची निम्मी धास्ती ह्या एका ओळीनं जाते. घरी फोन मुक्कामावर, जेवणं झाल्यावर, एकदाच, दहा मिनिटं. दिवसा तो पिशवीच्या तळाशी. कारण 'इकडं आभाळ आलं' एवढं कानावर पडलं की पुढचे दोन तास माणूस वावरात असतो, रस्त्यावर नुसते त्याचे पाय.

पहाटेचा पहिला तास कोणालाही साधतो. गारवा असतो, गळा ताजा असतो. साडेनऊनंतर डांबर तापलं की मन पुढच्या सावलीकडे पळू लागतं. तेव्हा लक्ष तळपायात आणायचं : टाच टेकली, चवडा टेकला, बोटांनी रेटा दिला. 'गण गण गणात बोते' हे चार पावलांत बरोबर बसतं, शब्दाला एक पाऊल. एक फेरी झाली की तुळशीच्या माळेचा एक मणी सरकवायचा. १०८ मणी म्हणजे ४३२ पावलं, अडीच-पावणेतीनशे मीटर.

गोम इथंच आहे. हा हिशेब कळला की माणूस माळा मोजू लागतो : चार माळा म्हणजे किलोमीटर, मग अकोला अजून किती माळा? झालं, मन पुन्हा मुक्कामावर. म्हणून मणी सरकवायचे, माळा मोजायच्या नाहीत. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मणी, आला की माळ उलटी फिरवायची, बस.

दुसरी चूक जोर लावण्याची. विचार येऊच द्यायचा नाही म्हणून दात आवळले, खांदे कानाला लावले की तासाभरात मान धरते. मन जाणारच. गेल्याचं कळलं की रागवायचं नाही, पुढची टाच पकडायची. आपलं आपल्याला कळायला उशीर होतो, म्हणून जोडीदार लागतो. त्याचा चेहरा हरवलेला दिसला की विचारायचं, "भाऊ, कुठी हाये?" उत्तर खरं द्यायचं. "वावरात." "या मंग परत." एवढंच. वावरात काय चाललंय ते विचारायचं नाही, नाहीतर दोघंही तिकडे जातात.

फोडाचंही तसंच. फोड एकाएकी येत नाही. आधी चवड्याखाली नाहीतर टाचेला एक जागा गरम लागते, चुरचुरते. मोजा घामानं ओला होतो, सरकतो, कातडी दोन थरांत घासली जाते आणि मधे पाणी धरतं. गरम लागताच रांगेबाहेर बसायचं, पाय पुसायचा, कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडता लावायची, मोजा बदलायचा. पाच मिनिटांचं काम. 'मुक्कामावर पाहू' म्हणणाऱ्याला मुक्कामावर रुपयाएवढा फोड पाहायला मिळतो. फोड आलाच तर कातडी सोलू नका, खालचं मांस उघडं पडतं आणि चिघळतं. साखरेची बिमारी असलेल्यांच्या पायाला पुष्कळदा चुरचुर कळतच नाही. त्यांनी दर विसाव्याला तळवा डोळ्यांनी पाहावा.

आणि अकराच्या सुमाराला मन फारच उंडारलं, शेजाऱ्याचा टाळसुद्धा डोक्यात जाऊ लागला, तर आधी लघवीचा रंग पाहा, अध्यात्म नंतर. गडद पिवळी असेल तर अंगातलं पाणी कमी पडलंय. लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, आणि दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट. मीठ जास्त झालं तर तहान वाढते, उलटीही होते. आसवांपेक्षा खारट लागलं की फेकून नवं करायचं. दुपट्टा ओला करून डोक्यावर असावाच.

पातूरच्या पुढे घाट लागतो. तिथं चार पावलांची चाल मोडते, दम पुरत नाही. मग एका श्वासात दोनच पावलं आणि नाम मनातल्या मनात. वर किती राहिलं ते वळणावरून पाहायचं नाही, पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवायची.

"भाऊ, कुठी हाये?"

"टाचेवर. मोजा सरकला."

"मंग बसा बाप्पा खाली. मी थांबतो."